इस्पितळात कुणी नाव घेतं का?

डोंबिवली (पूर्व)
रविवार. (तारीख पेपर आल्यावर घालतो.)

ती. स्व. दामाजीभाऊ यांसी,

सहदेवाचा डोंबिवलीहून साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजून घ्यावा. प्रत्यक्षात आडवा पडलो तर उठवायला माणसं बोलवावी लागतील, त्याचं कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींची शुगर काय म्हणते, सुपारीला यंदा भाव आहे का, तुमच्या नातीच्या, चि. चित्राच्या लग्नाची तयारी कुठवर आली, हे सगळं मी एकेक करून विचारलं असं समजून सविस्तर कळवावं. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचून ते वाक्य ठेवायचं की खोडायचं ते तुम्ही ठरवा.

भाऊ, मी थकलो. कल्याण डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात गेली, गणपतीत कोकणच्या जादा गाड्या सोडल्या, घाटात बंद पडलेल्या गाड्यांपायी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण असा कधी थकलो नव्हतो. कारण असं की गेले काही आठवडे मी आजारी आहे. म्हणजे मी आजारी नाही, आजारी असल्याचं सोंग घेतलं आहे. आजारी आहे ती तुमची बहीण मंजुळा, आणि तिला ते कबूल नाही. घाबरू नका, तापबीप काही नाही. ती विसरते. आता विसरायला मीही विसरतो, पण मी विसरतो चष्मा, छत्री, दळण आणि शेजाऱ्यांना दिलेला शब्द. मंजुळा मापं विसरायला लागली आहे.

तुम्हाला ठाऊक आहे, तिनं जन्मभर ब्लाउज शिवले पण कुणाचं माप कधी कागदावर उतरवलं नाही. बाई दारात उभी राहिली की ही एकदा नजर टाकायची, की गळा, बाही, छाती सगळं डोक्यात पक्कं. (बाई जाड झाली तर ते बाईच्या आधी मंजुळेला कळायचं आणि ती तोंडावर सांगायचीही, त्यापायी काही गिऱ्हाइकं तुटली.) तर दिवाळीत समोरच्या विमलाबाईंच्या ब्लाउजला तिनं दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच लावल्या. विमलाबाई म्हणजे जिन्यात कुणाची चप्पल आडवी पडली तरी सगळी बिल्डिंग डोक्यावर घेणारी बाई. पण तो ब्लाउज घालून ती भाऊबीजेला भावाकडे गेली, दिवसभर उजवा हात अंगाशी धरून बसली, आणि परत येऊन मंजुळेला म्हणाली की यंदाचा अगदी बेस्ट बसलाय. तिनं कडाकडा भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. विमलाबाई गप्प बसली म्हणजे प्रकरण साधं नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

मग मार्गशीर्षात मंजुळा अस्तराचं कापड आणते म्हणून कल्याणला गेली ती दुपार टळली तरी आली नाही. शेवटी फोन आला तो आमच्या पारनाक्याच्या जुन्या खोलीतून. ती खोली आम्ही केव्हाच सोडली, आता तिथं जगन नावाच्या माणसाचं झेरॉक्सचं दुकान आहे. मंजुळा सरळ आत शिरली आणि माझं मशीन कुठे हलवलंस म्हणून तिनं जगनला फैलावर घेतलं. (घरचा फोन नंबर मात्र तिनं त्याला धडाधड सांगितला. हे असं असतं, भाऊ. एक दार बंद तर दुसरं सताड उघडं.) मी पोचलो तेव्हा ती त्याच्या स्टुलावर बसून चहा पीत होती. परत येताना म्हणाली, जगनची जरा फिरकी घेतली. मी हसलो, तीही हसली. डोंबिवली येईपर्यंत आम्ही दोघं हसत होतो आणि घरात शिरल्याबरोबर ती स्वयंपाकघरात गेली, मी गॅलरीत. संक्रांतीपासून तिनं मशीनवर कव्हर घातलं आहे. विचारलं तर डोळे दुखतात म्हणते.

आता हिला डॉक्टरकडे न्यायचं कसं? मला काय धाड भरलीय, एवढं बोलून तिनं विषय संपवला. (तुमच्या घराण्यात डॉक्टरकडे जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे मी तुमच्या गुडघ्यावरून बोलतो.) तेव्हा मी शक्कल लढवली आणि स्वतःच विसरायला लागलो. चहा पिऊन झाल्यावर चहा कुठाय म्हणून विचारलं, बाजारातून रिकामी पिशवी परत आणली, शेजारच्या जिन्यात शिरून भलत्याच दारावर टकटक केली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. पण विसरण्याचं सोंग आणून बघा. काल काय विसरलो होतो ते आज आठवावं लागतं, आणि या वयात तेवढी स्मरणशक्ती कुणाजवळ आहे? शेवटी मंजुळाच घाबरली आणि म्हणाली, यांना कुणाला तरी दाखवायला हवं. ठाण्याला नंदाताई म्हणून डॉक्टरीणबाई आहेत, वयस्कर माणसांची डोकी तपासतात. त्यांच्या आईचे ब्लाउज मंजुळेकडे असत. त्यांना मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, आणि काकांना सोबत म्हणून काकूंनाही चार प्रश्न विचारू असं आमचं ठरलं होतं.

डोंबिवलीहून ठाण्याला सगळं जग रेल्वेनं जातं. पण मी एसटीचा माणूस, रेल्वेला पैसे देणं माझ्या रक्तात नाही. म्हणून आम्ही आधी रिक्षानं उलटे कल्याणला गेलो, तिथून डेपोतल्या ओळखीच्या लोकांना रामराम करून एसटीनं ठाण्याला. दोघंही शिणून तिथं पोचलो. आज कसे आलात, असं नंदाताईंनी सहज विचारलं, मी सगळा मार्ग सांगितला, आणि त्यांनी माझ्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं. परीक्षा तिथंच सुरू झाली होती, हे मला मागाहून कळलं.

परीक्षा म्हणजे काय सांगू? आज वार कोणता, महिना कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत. बाई हुशार, पण बोलतात ओठांतल्या ओठांत. (हल्ली सगळेच पुटपुटतात. टीव्हीवरचे बातम्यांवालेसुद्धा.) मग त्यांनी कुलूप, केळं आणि छत्री असे शब्द सांगितले आणि हे लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारीन म्हणाल्या. मी खरं तर नापास व्हायला गेलो होतो. पण समोर कागद, हातात पेन्सिल आणि शेजारी बायको म्हटल्यावर माझ्यातला विद्यार्थी जागा झाला आणि सोंग घ्यायचंच विसरलो. पहिलं यायचं ठरवलं. छत्री म्हटल्याबरोबर आठवलं की माझी छत्री कल्याण डेपोत राहिली, आणि त्या काळजीत कुलूप आणि केळं कुठल्या कुठे गेलं. (थंडीत छत्री कशाला, असं मंजुळेनं तिथंच विचारलं. नंदाताईंनी तेही लिहून घेतलं.) पुढे घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. घड्याळ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आमच्या डेपोतलं. त्याचा मिनिटकाटा पडला तो कुणी बसवलाच नाही, आम्ही तासकाट्यावरून गाड्या सोडत होतो. मी इमानदारीत तसंच काढलं. मला पडले त्या गुणांवरून मी ठाण्यापर्यंत आलोच कसा, असा प्रश्न पडावा.

मंजुळेचं घड्याळ मात्र बघण्यासारखं. गळा कापायची सवय, त्यामुळे एका फिरकीत गोल गरगरीत वर्तुळ. आकडेही बरोबर भरले. काटे मात्र काढता येईनात. पेन्सिल टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. कुलूप आठवलं, बाकीचं नाही. आठवायला बसली तेव्हा बोटांनी पदराची किनार चाचपत होती, शिवण कुठे उसवली ते बघतो तशी. भाऊ, मला तिच्याकडे बघवेना. मी भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत बसलो.

आणि मग नंदाताईंनी विचारलं, काकू, तुमच्या यजमानांचं नाव काय?

मंजुळा हसली आणि खाली बघायला लागली. नंदाताईही हसल्या, काय झालं ते त्यांना कळलं. म्हणाल्या, बरं, उखाण्यात घ्या. तेव्हा मंजुळा म्हणाली, "अगं, इस्पितळात कुणी नाव घेतं का?" मी सांगायला तोंड उघडलं तर नंदाताईंनी मलाच गप्प केलं. कागदावर ती जागा त्यांनी रिकामी सोडली.

नंतर मंजुळा पाणी प्यायला बाहेर गेल्यावर त्या माझ्याशी बोलल्या, आणि त्या वेळी मात्र मी खुर्ची पुढे ओढून नीट ऐकलं. वयाच्या मानानं काकूंची आठवण कमी झाली आहे, पण अजून घरचं सगळं त्यांचं त्या करतात, आपण ज्याला भितो त्यापासून त्या अलीकडे आहेत. इथंच राहतील, मागे येतील की पुढे जातील, हे आज कुणी सांगू शकत नाही. ठाम गुणाचं औषध नाही. पण रोज भरभर चाला, हातपाय हलवा, चार माणसांत जा, त्यानं बरं राहण्याची आशा आहे. पावसाळ्यानंतर पुन्हा तपासू. आम्ही दोघं निघताना माझ्याबद्दलही काहीतरी पुटपुटल्या, ते मी फारसं मनावर घेतलं नाही. मंजुळेला मी सांगितलं की मला व्यायाम सांगितलाय आणि एकट्यानं करायचा नाही असा हुकूम आहे.

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. इथं मैदानावर बाबुराव म्हणून एक निवृत्त पीटी मास्तर आहेत, पहाटे म्हाताऱ्यांचा वर्ग घेतात. गळ्यात शिट्टी, आणि बायकांना ताई नि आम्हाला "अरे हलवा की" असं म्हणण्याची पद्धत. नंदाताईंनी चिठ्ठी दिली होती की शरीराबरोबर डोकंही चालवा, ती बाबुरावांनी फार मनावर घेतली. आता उठाबशा काढताना दर उठीला एका भाजीचं नाव घ्यावं लागतं. बायका पालेभाज्यांतच पुढे निघून जातात, आम्ही पुरुष बटाट्यावर अडकतो. हात वर करून शंभरापासून उलटे आकडे म्हणावे लागतात. शिवाय खोल श्वास घ्या, असा बाबुरावांचा हुकूम सुटतो नेमका त्या घटकेला जेव्हा एमआयडीसीतली कुठलीतरी कंपनी तिकडे आपला धूर सोडते, आणि मग सगळा वर्ग खोकत खोकत ताजी हवा आत घेतो. शेवटी मोठमोठ्यानं हसायचं असतं. (हेही नवीन फॅड.) सगळे हसून थांबले की मी सुरू करतो, कारण बाबुराव हसा म्हणून सांगतात ते मला कधी वेळेवर पोचतच नाही. त्यावर वर्ग पुन्हा हसतो, म्हणजे माझ्यामुळे त्यांचा व्यायाम दुप्पट होतो.

मंजुळेचं काय विचारता! तिला हे सगळं मानवलं. पाठ सरळ झाली, भूक लागते, बाबुराव तिला पुढच्या रांगेत उभी करतात. मी मागून फरफटत जातो, पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात, रात्री कूस बदलायची तर आधी विचार करावा लागतो. आजारी मी आणि सुधारतेय ती, असं आमच्या बिल्डिंगीत बोललं जातं आणि विमलाबाई मला औषध म्हणून बदाम आणून देते. एकच गोष्ट मला सलते. मैदानाला फेऱ्या मारताना मंजुळा माझ्याशी अवाक्षर बोलत नाही. ओठ तेवढे हलतात. मी काही विचारलं तर हातानं थांब म्हणते आणि पुढे चालू लागते. रामरक्षा म्हणते की मला शिव्या देते, देव जाणे. रुसली असावी. सोंग तिच्या लक्षात आलं असेल तर रुसण्याचा तिचा हक्कच आहे.

बाकी सर्व ठीक. मुलगा बडोद्याहून फोन करतो आणि वय झालं की चालायचंच म्हणतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, चित्राला सांगा की आजोबा लग्नाला येतील ते चालत येतील अशी बाबुरावांची इच्छा आहे. इतकं सगळं लिहून हात दुखला, तेव्हा आता पुरे करतो.

आपला,
सहदेव

ता. क. आमसुलं पाठवू नका. मागच्या वेळची अजून आहेत. (पाठवलीतच तर थोडी जास्त पाठवा, विमलाबाईंना द्यायची आहेत.)

आणखी ता. क. पत्र लिहिलं ते खरं यासाठी, वर लिहायचा धीर झाला नाही. ते यजमानांचं नाव माझ्या डोक्यातून जात नाही. नंदाताई म्हणाल्या की जुन्या बायका घेत नाहीत, त्याचं काही धरू नका. ते मला कळतं हो. पण उभ्या संसारात तिनं मला "अहो" नि "ऐकलं का" याखेरीज हाक मारलेली नाही. फोनवर कुणी सहदेवराव आहेत का विचारलं तर "आहेत" म्हणते. मग तिला नाव आठवतं की नाही हे मला समजायचं कसं? मला ही रीत फार आवडायची, आता तीच गळ्याशी आली आहे. माप विसरली, काटे विसरली. एक दिवस मीही त्यातच जाणार का, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे, आणि तिला तोंडावर विचारायची माझी हिंमत नाही. तेव्हा एक करा. चित्राच्या लग्नात आम्ही दोघं आलो की तुमच्या घरातल्या बायकांना दार अडवायला सांगा. नाव घेतल्याशिवाय मंजुळेला आत सोडू नका. आमच्या लग्नात तुम्हीच दार अडवून उभे होतात, आठवतं? तेव्हा ती इतकं हळू बोलली की बायकांनी पुन्हा घ्यायला लावलं, आणि तेही मला ऐकू आलं नाही. या वेळी मला पडवीतल्या खांबामागे कुठेतरी बसवा. मला नुसतं ऐकायचं आहे. माझं तोंड बघून तिला काही कळायला नको.

आणखी एक, शेवटचा ता. क. वरचं करू नका. पेपर आला, चहा झाला, तेवढ्यात विचार केला. एवढ्या मांडवात, सगळ्या सोयऱ्यांसमोर, आणि तिला आलंच नाही तर? तिची मान खाली गेलेली मला बघवणार नाही. कुणी हौसेनं दार अडवायला लागलंच तर तुम्ही त्यांना बाजूला करा. मी अहोच बरा आहे. हे पत्र उद्या टपालात टाकीन, तोवर तिच्या मशीनच्या खणात ठेवतो. संक्रांतीपासून तिनं तो उघडलेला नाही, घरात याहून सुरक्षित जागा नाही.

भाऊ, मी मंजू. चित्राच्या लग्नातला ब्लाउज मी नाही शिवायचा तर कुणी, म्हणून आज दुपारी मशीन उघडलं, तर खणात हे सापडलं. हे झोपलेत. तारीख घालायची राहिली आहे. आज बावीस फेब्रुवारी अठ्ठ्याण्णव, मी कॅलेंडर बघून लिहिते आहे, उगाच खोटं कशाला सांगू? पाकिटावर पत्ताही नाही, तो मी घालते.

यांचं सोंग मला पहिल्याच दिवशी कळलं. विसरलेला माणूस विसरल्यावर आपल्या तोंडाकडे बघत बसत नाही. पण मला एकटीला डॉक्टरकडे जायची भीती वाटत होती, म्हणून मी काही बोलले नाही. भाऊ, मी विसरते रे. बाही कुठल्या हाताची ते मला दोनदा बघावं लागतं. कल्याणला त्या दिवशी मी कुणाची फिरकी घेतली नव्हती, हे तू यांना सांगू नकोस.

आणि मी रुसलेले नाही. मैदानात चालताना मी यांचं नाव घेते. मनातल्या मनात, फेरीभर, पुन्हा पुन्हा. बाकीचं गेलं तर गेलं, ते जाऊ नये म्हणून. मध्येच हे काहीतरी विचारतात आणि माझं तुटतं, मग पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

तू दार अडवायला सांगच. मी नाव घेईन. फक्त यांना खांबामागे बसवू नकोस, अगदी पुढे बसव, माझ्याजवळ. नंदा जाताना यांना कान तपासून घ्या म्हणाली होती, ते यांना ऐकूच आलं नाही, आणि मी काही मोठ्यानं घेणार नाही.